५७ हजार चित्रांची गोष्ट : दादासाहेब फाळके आणि त्यांचे प्रेक्षक



कल्याणहून कर्जत लोकल पकडली की बदलापूरनंतर वांगणी येतं. आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं स्टेशन. आता तिथे रोज नव्या इमारती उठतायत, पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ते डोंगराच्या कुशीतलं लहानसं गाव होतं. त्या काळात एके दिवशी मुंबईहून माणसांचं एक टोळकं गाडीतून तिथे उतरलं. सोबत तलवारी, भाले आणि कसले कसले पोशाख. गावकऱ्यांनी ते पाहिलं आणि त्यांची खात्रीच पटली, दरोडेखोर आले! लगेच पोलीस पाटलाकडे खबर गेली, फौजदार आला आणि सगळ्यांना धरून बसवलं. ती बिचारी माणसं सांगणार तरी काय? सिनेमा काढायला आलोय म्हणावं, तर सिनेमा म्हणजे काय हे गावात कुणाला ठाऊक असणार? संध्याकाळी त्यांचे मालक मुंबईहून येऊन पोचले. त्यांनी फौजदाराला कॅमेरा दाखवला, सगळी मंडळी उभी करून चित्रीकरणाचं एक प्रात्यक्षिकच करून दाखवलं, तेव्हा कुठे सुटका झाली.

ते मालक म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब. आणि ते टोळकं ‘राजा हरिश्चंद्र’च्या बाहेरच्या चित्रीकरणासाठी आलं होतं. भारतीय चित्रपटाबद्दल लोकांचं पहिलं मत काय झालं असेल, तर ते हे असं. वांगणीचं.

ही गोष्ट मला आत्ताच का आठवली ते सांगते. गेल्या पालकसभेत एका आईने विचारलं की मॅडम, आमचा मुलगा दिवसभर जादू, राक्षस, उडणारे घोडे असल्या चित्रकथांच्या मालिका वाचत बसतो. एक भाग संपला की दुसरा. याला वाचन म्हणायचं का? मागच्या रांगेतल्या दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. खरं म्हणजे उत्तर द्यायचा मला हक्कच नव्हता, कारण त्याच मुलाची चित्रकथेची वही मराठीच्या तासाला मी जप्त केली होती आणि ती दोन महिने माझ्या कपाटात पडून होती. छापील पुस्तक नव्हे बरं का, स्वतः काढलेली! चौकटी आखून, पात्रांच्या तोंडाशी फुगे काढून. मी ती उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

म्हणून या वेळच्या चरित्रलेखात दादासाहेब. त्यांचं चरित्र पाठ्यपुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे, तरी या बाजूने ते एकदा पाहू या. लहानथोर सगळ्यांना चालेल अशी अद्भुत गोष्ट चित्रांतून सांगणारा माणूस, आणि त्याच्या गोष्टीला लोक काय म्हणाले. त्या काळचा मूकपट आठवा. चित्र, मग अक्षरांची पाटी, पुन्हा चित्र. आजच्या मुलांच्या हातातल्या चित्रकथेपासून ते किती लांब आहे, तुम्हीच ठरवा.

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईत आलं. घरात वेद आणि पुराणं, मुलाच्या हातात मात्र रंग आणि कुंचला. आपल्यापैकी किती पालकांनी अशा वेळी मुलाला आधी दहावी तरी नीट हो असं सुनावलं असतं? धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे थोरल्या भावाकडे बडोद्याला गेला आणि तिथल्या कलाभवनात चित्रकला शिकला, सोबत छायाचित्रण, छपाई, साचेकाम. १८९० च्या सुमारास त्याने स्वतःचा कॅमेरा घेतला.

त्यानंतरची वीस वर्षं वाचताना धाप लागते. हा माणूस काय काय करून मोकळा झाला! गोध्रा इथे छायाचित्रकाराचा धंदा थाटला. १९०० च्या प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ काढला, तर गावात वावडी उठली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस लवकर मरतो. गिऱ्हाईक यायचं बंद झालं. हसू नका. नव्या यंत्राबद्दल आपण पालकसभेत जे बोलतो त्यातलं काही शंभर वर्षांनी लोक वाचतील तेव्हा तेही असंच हसतील.

मग कार्ल हर्ट्झ नावाच्या परदेशी जादूगाराशी गाठ पडली. फाळके त्याच्याकडून हातचलाखी शिकले आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. केळफा म्हणजे काय ते मुलांना फळ्यावर लिहून विचारा. उलटं वाचलं की उत्तर सापडतं. मला तर त्यांच्या साऱ्या उलाढालींमध्ये हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. चित्रकाराला रूप कळतं, छायाचित्रकाराला उजेड कळतो, पण समोर बसलेल्या माणसाचे डोळे विस्फारतात ते नेमकं कोणत्या क्षणाला, हे जादूगारालाच कळतं.

१९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. त्यांच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. वंगभंगाचे दिवस आले, स्वदेशीचं वारं अंगात शिरलं आणि त्यांनी ती सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला. तिथे राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी शिळाछपाईची कामं होत. आपल्या आजी-पणजीच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वतीच्या ज्या तसबिरी होत्या, त्या जातीची ही चित्रं. पुढे छापखाना दादरला आला, भागीदार बदलले, १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीलाही जाऊन आले. आणि मग भागीदाराशी पटेना म्हणून चालता धंदा सोडून बाहेर पडले. वय चाळिशीचं. घरात बायकामुलं, हातात काही नाही.

अशा अवस्थेत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि यांच्या मनात राम आणि कृष्ण चालू लागले होते. घरी आल्यावर हा माणूस झोपलाच नाही म्हणा ना! मिळेल तो चित्रपट पाहायचा, मिळेल ते पुस्तक वाचायचं, खेळण्यातल्या यंत्रावर आणि मेणबत्तीच्या उजेडात प्रयोग करायचे. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचाराने दृष्टी परत आली.

नातेवाईक आणि मित्रांना वाटत होतं की याचं डोकं फिरलंय. मग त्यांनी काय करावं? कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर लावून ठेवला. महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं. आणि तो पडदा भरून मिनिटाभरात उगवणारा, वर चढणारा वेल लोकांना दाखवला. पैसेवाला मित्र विरघळला. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग मोबाइलवर जरूर करून पाहावा, वर्गात वाटाण्याऐवजी मूग घेतले तरी चालतात आणि लवकर उगवतात.

त्याआधी १९१२ च्या फेब्रुवारीत ते विमा पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले होते. तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. दादरला आजच्या दादासाहेब फाळके रस्त्यावर बिऱ्हाड होतं, तोच स्टुडिओ. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. पण दागिने देणं ही नेहमीची गोष्ट झाली, आपल्या चरित्रांत बायका दागिने देतातच. त्याहून मोठं त्यांचं काम असं की कच्च्या फिल्मला तेव्हा कडेची भोकं पाडलेली नसत, ती अंधाऱ्या खोलीत हाताने पाडायची असत. ते काम सरस्वतीबाई करायच्या. रसायनं कालवायच्या, फिल्म धुवायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उजेड नटांच्या तोंडावर पाडायच्या, आणि हे सगळं सांभाळून कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. चित्रपटसृष्टीला जनक आहे हे आपण मुलांना सांगतो. जननीचं नावही सांगायला काय हरकत आहे?

नट मिळेनात. सिनेमात काम करणं इतकं कमीपणाचं मानलं जाई की फाळके आपल्या माणसांना सांगत, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत म्हणा. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’चं नाव यावरूनच आलंय. तारामतीच्या भूमिकेला एकही स्त्री तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकाचं काम करणारे अण्णा साळुंके हा पोरगेलासा माणूस त्यांना सापडला आणि तोच तारामती झाला. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र, आणि रोहिदास फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला. मुंबईतली विद्वान, प्रतिष्ठित मंडळी आली आणि त्यांना चित्र आवडलं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात तो सगळ्यांसाठी लागला. खेळासोबत नाच, विनोदी नकला आणि पायांवर वस्तू झेलणारा कसरतपटू असा मसालाही होता, नुसत्या चित्रावर लोक येतील याचा भरवसा अजून थिएटरवाल्याला नव्हता. पण लोक आले. एका आठवड्याने चित्रं बदलण्याच्या त्या दिवसांत हा चित्रपट त्याहून जास्त टिकला.

मुंबईत असं, आणि सुरतेला? पहिल्या खेळाला गल्ला तीन रुपये. तिथल्या माणसाचं म्हणणं असं होतं की सुरतेचा प्रेक्षक दोन आण्यांत सहा तासांचं नाटक पाहतो, तो दीड तासाच्या चित्राला तीन आणे कशाला देईल? लांबी वाढवा! फाळक्यांनी चित्राची लांबी वाढवली नाही, जाहिरात बदलली. ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं तीन आण्यांत! लोटली गर्दी.

गणिताच्या शिक्षकांनो, इथे थोडं थांबा. चित्रपट होता सुमारे ३,७०० फुटांचा. त्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं मावतात. गुणाकार केला तर ५९,२०० येतात, म्हणजे ५७ हजारांचा आकडा बऱ्यापैकी प्रामाणिक. पण मैल म्हणजे ५,२८० फूट. मग दोन मैल कुठून आले? एक मैलसुद्धा भरत नाही! मी सातवीच्या वर्गात हे करून घेतलं तेव्हा मुलांना हरिश्चंद्रावर चित्रपट काढणाऱ्याने जाहिरातीत थाप मारली याचा काय आनंद झाला म्हणून सांगू. जादूगार प्रोफेसर केळफा कुठे गेला नव्हता, तिथेच होता.

त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या खऱ्या स्त्रियांनी कामं केली. त्यानंतर ‘सत्यवान सावित्री’ झाला. १९१४ मध्ये तिन्ही चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या धंद्यातल्या माणसांनी आणि वृत्तपत्रांनी त्यांच्या तंत्राची वाखाणणी केली, तिथेच राहून चित्रं काढण्याचं बोलावणंही आलं. ते राहिले नाहीत. परतले तर महायुद्ध सुरू झालेलं, सावकारांनी हात आखडते घेतलेले.

मग १९१७ चा ‘लंकादहन’. इथे अण्णा साळुंके एकाच चित्रपटात राम आणि सीता दोन्ही झाले. प्रेक्षकांपैकी कुणाला त्यांचे दंड जरा भरदार वाटले असतील तर वाटोत, पण पडद्यावर राम आला की लोक जोडे काढून हात जोडत. गिरगावच्या वेस्ट एंड सिनेमात सकाळी सातपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत खेळ चालायचे. दहा दिवसांचा गल्ला तीस हजारांच्या पुढे गेला असं चरित्रकार लिहितात. तुम्ही म्हणाल, जोडे काढणं ही काय समीक्षा झाली? मला विचाराल तर झाली. हनुमानाची शेपटी पेटते, तो उडत उडत लहान होत जातो, आणि खालची माणसं श्वास रोखून बसतात. ते उडणं खोटं वाटलं असतं तर कुणी हात जोडले नसते. भक्ती कथेतून आली हे खरं, पण कथा तर कीर्तनातही तीच होती. जोडे काढायला लावणारी चीज कॅमेऱ्यातून आली होती.

१ जानेवारी १९१८ ला भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी ‘श्रीकृष्णजन्म’ आला आणि ३ मे १९१९ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘कालियामर्दन’. बाळकृष्णाच्या भूमिकेत त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. हा चित्रपट दहा महिने चालला. आपल्या सुदैवाने तो बराचसा शिल्लक आहे आणि पाहायलाही मिळतो. त्याच्या सुरुवातीला एक फार गमतीचा तुकडा आहे. कृष्णाचा वेष चढण्याआधी मंदाकिनी साध्या रूपात पडद्यावर येते आणि चेहऱ्यावरचे भाव एकेक करून दाखवते. राग, हसू, रडू. म्हणजे बाप आधीच सांगून टाकतो की ही माझी पोर आहे, ही नटी आहे, आता बघा तिचा कृष्ण कसा होतो ते. जादूगारही असाच आधी रिकामी टोपी दाखवतो ना? आणि तरीही पुढे डोहात उडी पडली की आपण ते विसरतो.

पालकहो, हा तुकडा मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय. अद्भुताच्या गोष्टी वाचून मुलांना खरं-खोटं कळेनासं होईल ही आपली भीती असते. फाळक्यांना ती भीती वाटत नव्हती. त्यांनी खोटं काय ते आधी दाखवून ठेवलं.

आता उतरण. ही बाजू चरित्रलेखांत सहसा दोन ओळींत उरकतात. फाळके भागीदारांबरोबर नांदणारे गृहस्थ नव्हते. पैसा हातात आला की तो चित्रात घालायचा, हिशेब विचारलेला चालायचा नाही. भागीदारांना वेळापत्रक हवं होतं, काटकसर हवी होती. त्यांचंही अगदीच चुकत होतं असं मला वाटत नाही, साठ-सत्तर माणसांचा पगार दर महिन्याला लागतोच. भांडण झालं, फाळके कंपनी सोडून काशीला गेले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. नाट्यसृष्टीवर टीका करणारं हे सात अंकी नाटक १९२२ मध्ये रंगमंचावर आलं आणि प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. ज्याला गर्दी काय ते ठाऊक होतं, त्याला रिकाम्या खुर्च्या पाहाव्या लागल्या.

पुन्हा ते कंपनीत परतले, चित्रं काढत राहिले. पण दिवस बदलत होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. गरीब शेतकरी, कर्ज, गेलेली जमीन. जाणते लोक म्हणू लागले की चित्रपट असावा तर असा, आपल्या जगण्याबद्दल बोलणारा. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण त्या बरोबर म्हणण्याला एक शेपूट जोडलेलं होतं, ते असं की मग देवादिकांचे चमत्कार हे आता पोराबाळांसाठी आणि अडाण्यांसाठी. मराठीत हे शेपूट फार जुनं आहे आणि अजून गळून पडलेलं नाही. मुलांच्या पुस्तकांवर आपल्या मासिकांत किती परीक्षणं येतात ते मोजून पाहा. एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातही पुस्तकातून काय बोध होतो एवढंच बहुधा लिहिलेलं असतं. चित्रं कशी आहेत, पान उलटताना काय होतं, कुठे छाती धडधडते, यावर कोण लिहितंय?

बोलपट आला आणि फाळक्यांचं जग आणखी आक्रसलं. ‘सेतुबंधन’ त्यांनी मूकपट म्हणून काढला, नंतर त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकच खरा बोलपट. १९३७ मध्ये तो मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये लागला तेव्हा त्यांनी सदुसष्टी गाठली होती. विषय बघा, स्वर्गातून गंगा उतरवण्याचा! थकलेल्या वयातही या माणसाला पडद्यावर न दिसणारंच दाखवायचं होतं. त्यानंतर मात्र काम नाही. चित्रपटसृष्टीच्या पंचविशीचा सोहळा मुंबईत झाला तेव्हा ते गर्दीत कुठेतरी बसले होते, व्ही. शांतारामांनी त्यांना ओळखून सन्मानाने पुढे आणलं आणि त्यांच्यासाठी निधी जमवायला पुढाकार घेतला, अशी आठवण सांगितली जाते. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले.

मग नेहमीप्रमाणे मोठेपण. १९६९ मध्ये त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला, पहिला देविकाराणींना. टपाल तिकीट निघालं. बापू वाटव्यांनी चरित्र लिहिलं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने सापडतील ती रिळं गोळा करून जपली. जवळजवळ शंभर चित्रपट काढणाऱ्या माणसाचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तुकडे उरलेत. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आपण जे पाहतो तेसुद्धा १९१३ चं मूळ चित्र नसून त्यांनीच १९१७ च्या सुमारास पुन्हा काढलेलं आहे, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

अभ्यासक आता त्यांच्या चित्रांत स्वदेशी शोधतात, रविवर्मा शोधतात, तंत्राचा इतिहास शोधतात. शोधावाच. पण मला कुतूहल होतं की आजची मुलं काय म्हणतील. म्हणून गेल्या शनिवारी शेवटच्या दोन तासांना मी सातवीला ‘कालियामर्दन’ दाखवला. पडदे ओढले, प्रोजेक्टर लावला, आवाज अर्थात नाहीच. पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ. काळं-पांढरं काय, माणसं अशी भरभर काय चालतात, मॅडम आवाज येत नाहीये! मंदाकिनीने भाव दाखवले तेव्हा अर्धा वर्ग तिची नक्कल करू लागला. कृष्ण आणि सवंगड्यांच्या खोड्या सुरू झाल्या आणि हसू पिकलं. मग डोह आला. कृष्ण पाण्याखाली, समोर तो भला थोरला नाग. कापडाचा आहे, कुणीतरी ओरडलं. हो, कापडाचा आहे, मी म्हटलं. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. नागाने विळखा घातला तेव्हा पहिल्या बाकावरच्या दोन मुलींनी एकमेकींचे हात धरले होते.

चित्रकथावाला मुलगा शेवटच्या बाकावर होता. तास संपल्यावर तो टेबलाशी आला आणि पाण्याखालचं चित्र काढताना कॅमेरा कुठे ठेवला असेल असं विचारू लागला. मला उत्तर येत नव्हतं. मी कपाट उघडलं, त्याची वही काढून दिली आणि सॉरी म्हटलं. देण्याआधी, आदल्या रात्री, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. सहाव्या पानावर राक्षस आहे. तो सहाव्या पानाच्या चौकटीत मावत नाही म्हणून त्याचा एक पाय पाचव्या पानावर येतो. पान उलटेपर्यंत तो पाय कुणाचा हे कळत नाही. हे त्याला कुणी शिकवलं ते मी विचारलं, तर खांदे उडवून म्हणाला, असंच सुचलं.

वहीत शेवटची दोन पानं कोरी आहेत. गोष्ट अर्धीच आहे, दोन महिने माझ्याकडे अडकल्यामुळे. पुढचं काय होतं ते सोमवारी दाखवतो म्हणालाय.